मान खाली घालून पाहिलेली शर्यत

मोटारींच्या शर्यती हा जगातला सगळ्यात रटाळ प्रकार आहे, असं बाईंचं ठाम मत होतं, आणि बाईंची मतं सहसा बदलत नसत. "जिथून निघतात तिथेच परत येतात. मग जातात कशाला?" हा त्यांचा सवाल. शर्यतीच्या रविवारी मास्तर टीव्हीसमोर ठाण मांडून बसत आणि बाई पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालत. समालोचकाची भाषा दोघांपैकी एकालाही येत नव्हती. मास्तरांचं काही अडत नसे. ते नुसतं बघत.

मास्तरांचं वेड तसं समजण्यासारखं होतं. उभा जन्म त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसायचं, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि दिवसभर "सावकाश, सावकाश" म्हणायचं. एवढा सावकाशपणा पचवलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा कुणीतरी सुसाट गेलेलं पाहावंसं वाटलं, तर त्यात नवल काय? बाईंना ते नवल वाटे. त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं, आणि गोल फिरणाऱ्या वस्तूंचं त्यांना तेवढ्यापुरतंच कौतुक होतं.

पण या रविवारी प्रश्न शर्यतीचा नव्हता, डोळ्याचा होता. मास्तरांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजवा धडधाकट, आणि नेमका त्याच्याच आतला पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "आता पालथं पडून राहायचं. जेवायला, आंघोळीला उठा, तेवढंच. बुडबुडा वर तरंगतो. तोंड जमिनीकडे असलं तरच तो मागच्या पडद्याला टेकतो आणि पडदा जागेवर बसतो. मान वर करून तास-दीड तास बसलात, तर केलेलं सगळं पाण्यात. दुसऱ्यांदा जमेलच असं मी सांगू शकत नाही."

तेव्हापासून मास्तर पलंगाच्या कडेला पालथे पडून होते. कपाळ उशीवर, नाक फरशीकडे, उजव्या डोळ्यावर पट्टी. माणूस तसा सोशीक, पण रविवार उजाडला तशी चुळबुळ सुरू झाली. आज 'आजोबां'ची शेवटची शर्यत होती. आजोबा म्हणजे हिरव्या गाडीवाला. सगळ्या शर्यतवाल्यांत वयाने मोठा म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं नाव. कित्येक वर्षांत तो जिंकला नव्हता, आणि आज हरो वा जिंको, तो निवृत्त होणार होता.

"मी उठून बसतो जरा," मास्तर फरशीला म्हणाले. "डावा डोळा आहे की."

"तासभर बसायचं नाही म्हणाल्यात डॉक्टर."

"मग मोबाइल खाली ठेव."

तोही प्रयोग झाला होता. अधू डोळ्याला त्या चिमुकल्या पडद्यावर गाडी काय, रस्ताही दिसेना.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "मी बघते आणि तुम्हाला सांगते. पण मान वर केलीत तर टीव्ही बंद."

पाककृती वाचताना ज्यांना झोप येते त्यांनी लग्नाचा स्वयंपाक अंगावर घ्यावा, तसलीच ही गोष्ट, असं मास्तरांना वाटलं असणार. पण करतात काय? मानच अडकलेली.

आता बाईंनी मनात एक हिशेब मांडला होता, आणि तिथेच त्या चुकल्या. जितकं कंटाळवाणं सांगू तितके हे निवांत पडतील, कदाचित झोपतील, आणि झोपले की डोळ्याची काळजी मिटली. म्हणून शर्यत सुटली तेव्हा त्या हजेरी घेतल्यासारख्या म्हणाल्या, "गाड्या निघाल्या. एकामागे एक चालल्यात."

"पुढे कोण?"

"लाल."

"आणि आजोबा?"

"आहेत मागे कुठेतरी. काही विशेष नाही."

तेवढ्यात टीव्हीवर गर्दी ओरडली. समालोचकाचा आवाज चिरकला. मास्तरांनी कोपरांवर भार देऊन खांदे उचलले आणि पट्टी बांधलेलं तोंड टीव्हीकडे वळवलं.

"डोकं खाली!" शाळेतला जुना आवाज कुठून बाहेर आला, बाईंनाही कळलं नाही. मास्तरांनी घाबरून कपाळ उशीत खुपसलं.

"अगं, काहीतरी झालं ना! काय झालं ते सांगशील की नाही?" उशीतून आवाज आला. तो रडवेला होता, आणि ते बाईंना सोसलं नाही. "तू परीक्षेच्या हॉलवर देखरेख करून यायचीस. पोरं तीन तास नुसती लिहीत बसायची. त्यात काय होतं बघायला? तरी घरी येऊन तू अशी सांगायचीस की माझं जेवण निवायचं. एवढी एक शर्यत तुला सांगता येत नाही?"

बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची सोडली आणि पलंगाला टेकून खाली बसल्या. डावा हात मास्तरांच्या मानेवर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीकडे परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांकडे बघत तसं बघितलं. डोळ्यांत तेल घालून.

"पांढऱ्या गाडीवाला घसरून बाहेर गेला," त्या म्हणाल्या. "त्याचा ओरडा होता तो. आजोबा दुसरे आहेत. आणि अहो, तो लाल गाडीवाला आहे ना, तो पहिल्या तासाला भराभर लिहिणाऱ्यातला आहे."

"म्हणजे?"

"पेपर सोपा वाटला की अशी कार्टी सुटतात. वळणावर त्याची शेपटी हलतेय. आजोबांची नाही हलत. ते प्रश्न नीट वाचून मग लिहितायत."

मास्तर उशीत हसले. "टायर जाळतोय लेकाचा! शेपटी एकाच वळणावर हलते की सगळीकडे?"

"आता दोन ठिकाणी हलली."

"कोपऱ्यातला आकडा बघ. दोघांतलं अंतर. तो सांग."

आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. लाल गाडी टायर बदलायला आत गेली, तेव्हा बाई म्हणाल्या की याने फार लवकर पुरवणी मागितली. आजोबा मात्र जुन्याच टायरांवर फिरत राहिले. "आत बोलावतायत त्यांना, फलक दाखवतायत, पण हे ढुंकून बघत नाहीत!" खूप उशिरा आजोबा आत गेले आणि लालच्या बरेच मागे बाहेर पडले. बाई हळहळल्या. मास्तरांनी पलंगावर मूठ आपटली. "बरोबर केलं! आता याचे टायर कोरे आणि त्याचे झिजलेले. तू आकड्यावरची नजर काढू नकोस."

काढतात कशाला? आकडा घटत होता. पडद्यावर बघाल तर दोन गाड्या, एक रस्ता, बाकी काही घडत नव्हतं. पण बाईंना कळत होतं की मागचा आता पुढच्याच्या पेपरात डोकावण्याइतका जवळ आलाय, आणि पुढच्याला ते पाठीत जाणवतंय. एका वळणावर लाल गाडी जराशी रुंद गेली. दुसऱ्यावर तिने उगाच आधी ब्रेक लावला. "घाबरलाय हो," बाई कुजबुजल्या. "घाम फुटलाय त्याला. मला ठाऊक आहे ही पाठ." मास्तरांच्या मानेची शीर त्यांच्या बोटांखाली उडत होती.

"शेवटचा फेरा," मास्तर म्हणाले. ते त्यांना समालोचकाच्या आवाजावरूनच कळलं. "बोल, अगं, बोल!"

"जवळ आलेत. अगदी जवळ. डावीकडून बघितलं, लाल आडवा आला, दार लावलं. परत मागे. आता लांब रस्ता, उजवीकडे आलेत, शेजारी शेजारी, चाकाला चाक, अहो, तो वळतच नाहीये, आजोबा आतून, आतून..." आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या. "गेले! गेले आजोबा पुढे! जिंकले हो! जिंकले!"

त्या दोन्ही हात वर करून नाचल्या. गणिताच्या बाई, निवृत्त, गुडघे दुखणाऱ्या, घरभर नाचल्या. मग त्यांना आठवलं की हात वर आहेत, म्हणजे मानेवर नाहीत. त्या गर्रकन वळल्या.

मास्तरांचं कपाळ उशीवरच होतं. दोन्ही मुठींनी ते पलंग बडवत होते, पाय झाडत होते आणि हसत होते. "काय गेला गं! काय आतून गेला! पाहिलंस?" ते फरशीला विचारत होते. मान तसूभरही हलली नव्हती. बाई त्यांच्याजवळ बसल्या आणि दोघांनी मिळून आनंदाने डोळे पुसले. म्हणजे मास्तरांचे डोळे बाईंनी पट्टी सांभाळून पुसले.

थोड्या वेळाने धाकट्या दिरांचा फोन आला. ते त्यांच्या घरी शर्यत बघत होते. "वहिनी, काय रटाळ होती हो! सगळे आपले रांगेत. मी दोनदा पेंगलो. शेवटी तेवढी एक गाडी पुढे गेली."

बाईंनी फोन मास्तरांच्या कानाला लावला. "मूर्खा," मास्तर उशीतून मोठ्या प्रेमाने म्हणाले, "तू डोळ्यांनी बघत बसलास."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात डोकावून पाहिलं. बाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. "पडदा छान बसलाय," डॉक्टर म्हणाल्या, आणि बाईंनी दवाखान्यातच मास्तरांच्या पाठीत एक धपाटा घातला.

नवा हंगाम सुरू झाला. मास्तर ताठ मानेने टीव्हीसमोर बसले. उजव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. गाड्या निघाल्या, एकामागे एक चालल्या. मास्तर खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले, मग त्यांनी जांभई दिली.

"अगं, ये ना इकडे," ते शेवटी ओरडले. "नुसतं बघून काही कळत नाही यात."

बाई आतून आल्या. हातातली घडी खुर्चीवर टाकली आणि चष्मा पुसून मास्तरांच्या शेजारी बसल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"हं," बाई म्हणाल्या. "आता आवाज नको. पेपर वाटून झालेत."