गोलखांबाची गादी आणि बारा नंबर

मित्रांनो, मानवजातीचं रक्षण करण्यासाठी माझा जन्म झाला. नेमकं सांगायचं तर, मानवजातीपैकी जे रग्बी लीग खेळताना गोलखांबावर डोकं आपटतात, त्यांचं. मी त्या खांबाला गुंडाळलेली गादी आहे. आत स्पंज, बाहेर निळं रेक्झिन आणि पोटावर गावच्या खाटकाची जाहिरात.

यॉर्कशरमधल्या आमच्या थॉर्नशॉ गावात मी अठरा हिवाळे काढले. नवी होते तेव्हा लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. पुढे कुत्री तेवढी थांबायची. तक्रार नाही. माझी आठवण कुणाला होत नाही, तेव्हाच माझं काम नीट चाललेलं असतं.

क्लिफ हॅडफील्डचंही तसंच. बारा नंबरचा फॉरवर्ड, वय चौतीस, एरवी बेकरीत कामाला. अंगावर येणाऱ्याला कमरेत धरायचं, चिखलात पाडायचं, उठायचं, पुढच्याला धरायचं. चेंडू रेषेपलीकडे टेकवून ट्राय करणं त्याला अकरा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

सेमीफायनलच्या आधी प्रशिक्षक नेव्हिल माझ्यावर रेलून म्हणाला, "क्लिफ, आज एक तरी ट्राय कर. नाहीतर फायनलला तू बाहेर. लोकांना काही बघायला नको का?"

"लोक मला बघायला येत नाहीत, हे खरंय."

"लेका, तुझी आईसुद्धा जेडनला बघायला येते!"

जेडन म्हणजे आमचा कडेने पळणारा गडी. त्याने दोन ट्राय केले, दोनदा केस सारखे केले. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि समोरचा अख्खा संघ माझ्या पुढ्यात. क्लिफने नऊ जणांना पाडलं, त्यातल्या एकाला तीनदा. अखेर त्यांचा कपाटाएवढा गडी चेंडूसकट रेषेपलीकडे पडला. क्लिफने मध्ये हात घातला. चेंडू हातावर राहिला, जमिनीला टेकला नाही. दोघेही माझ्यावर आदळले. शेवटची शिट्टी झाली. आम्ही जिंकलो, डोकी शाबूत.

आमच्याकडे सामन्यातला उत्तम खेळाडू समोरच्या संघाचा प्रशिक्षक निवडतो. सगळे क्लबात वाटाणे खात बसले होते. क्लिफ मला कवेत घेऊन आत आला, कारण गाद्या काढून आणायचं कामही त्याचंच.

पाहुणा प्रशिक्षक उठला. जेडनही अर्धा उठला.

"बारा नंबर," पाहुणा म्हणाला. "नाव माहीत नाही. माझी पोरं त्याला जे म्हणत होती, ते बायकांसमोर सांगता येत नाही."

"सांग की!" वाटाणे वाढणारी मॉरीन ओरडली. "आम्ही दर शनिवारी ऐकतो!"

टेबलं दणाणली. क्लिफ लाल झाला आणि माझ्याआड लपला. एवढं घट्ट मला कुणी धरलं नव्हतं.

नेव्हिल ताटलीकडे बघत म्हणाला, "शनिवारी फायनलला सव्वाबाराची बस आहे, क्लिफ. उशीर करू नकोस, राजा."

तेव्हा मित्रांनो, गादी ओली असताना खोलीत कोंबू नका, आधी वाळवा. आणि सगळ्यात जास्त माखलेला गडी आंघोळीला शेवटी जातो, त्याच्यासाठी गरम पाणी ठेवा.

फायनल शेजारच्या गावात झाली. तिथे गाद्या त्यांच्या होत्या. निकाल मला अजून कुणी सांगितलेला नाही.