मानशीची फळी

जन्मदाता हा चालताबोलता देव असतो आणि त्याची सेवा हीच खरी पूजा! पेडण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात रुद्रेश सरांनी हे वाक्य म्हटले, तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच वेळी त्यांचा देव डिचोलीजवळ सर्वणच्या एका वृद्धसेवा केंद्रात कॉटला बांधलेला होता.

सरांना हे तासाभराने कळले. मेळाव्यात मिळालेली शाल बाबांना पांघरावी आणि एक फोटो काढावा, म्हणून ते तडक केंद्रात गेले. चादर उचलली. दोन्ही मनगटे जुन्या साडीच्या पट्टीने करकचून आवळलेली, कातडी सोलवटलेली! शाल खाली पडली.

"हे काय? माणूस आहे की जनावर!"

व्यवस्थापिका सुविधा मॅडम शांतपणे फाईल घेऊन आल्या. "सर, कृष्णनाथबाब हात उगारतात. आठवड्यात तिघांना मारलं, एकाचा ओठ फुटला. बांधायची परवानगी तुम्हीच दिलीय. कलम सात. ही तुमची सही."

सही सुंदर होती. वाचल्याशिवाय सही करू नये, असे सर वर्गात वीस वर्षे सांगत आले होते.

"आज परत मारलं, तर घरी घेऊन जा. नाहीतर दिवसभर गुंगीचं औषध. आंघोळ व्हायचीय अजून."

कोपऱ्यात बादली घेऊन हौसा उभी होती. चंदगडकडची बाई, दंडावर काळानिळा डाग.

"मारत न्हाईत ओ ते," ती म्हणाली. "मला बी बसलीया. पर निस्तं आंघोळीलाच, आन् जो दारात हुबा ऱ्हाईल त्यालाच. बाजूला सारत्यात. नळ सोडला की वरडत्यात, भरती इली म्हनून. भरती म्हंजी काय ओ, सर?"

सरांना भरती चांगलीच ठाऊक होती.

बाबा चोपड्याच्या खाजन शेतीत, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, चाळीस वर्षे मानशेकार होते. मानस म्हणजे बांधातला दरवाजा. नदीला भरती आली की फळ्या घालून तो बंद करायचा, नाहीतर खारे पाणी शिरून गावाचे भात जळायचे. आणि इथे रोज सकाळी दार सताड उघडे, नळ धो धो, अन् वाटेत दोन धडधाकट माणसे उभी!

"सोडा त्यांना."

"जबाबदारी कोणाची?"

"माझी. लिहून देतो. या वेळी वाचून."

पट्ट्या सुटल्या. न्हाणीघरात नळ सोडला. बाबा ताडकन उठले. "भरती इली रे! मानस घाला!" आणि सणसणीत चपराक बसली ती खुद्द सरांच्या गालावर.

"सर, व्हा की बाजूला!" हौसा ओरडली. "तुमीच दारात हुबं हाय!"

सर बाजूला झाले. केंद्रातल्या बायका जेवायला बसायच्या तो लाकडी पाट त्यांनी उचलला. "बाबा, ही फळी!"

बाबांनी पाट उंबऱ्याशी आडवा लावला, टाचेने ठोकून घट्ट बसवला. तेवढ्यात हौसाने मागून नळ बंद केला. पाणी थांबले! बाबांनी कान देऊन खात्री केली.

"भात वाचलां," ते म्हणाले, आणि आपणहून दोन्ही हात हौसापुढे केले. सोललेली मनगटे तिने कोमट पाण्याने धुतली. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"माणूस इसरतोय ओ," हौसा म्हणाली, "पर त्याचं काम न्हाई इसरत. तेवडं इचारून घ्यावं घरच्यांनला. फारमात ती जागाच न्हाई."

सुविधा मॅडमनी आपला अर्ज उलटून पालटून पाहिला. खरेच नव्हती. त्यांनी कलम सात खोडले आणि केंद्रातल्या उरलेल्या अकरा जणांच्या फायलीही मागवल्या.

तेव्हा मंडळी, स्मृती गेलेल्या माणसाचा हात उठला की दोरी शोधू नये. आपण त्याच्या कुठल्या वाटेत उभे आहोत, ते आधी शोधावे. आणि बाजूला व्हावे.

बाबा आता रोज पाट लावून आंघोळ करतात. कोणाला मारत नाहीत. चोपड्याच्या त्या खाजनातले बाबांचे शेत रुद्रेश सरांनी चार वर्षांपूर्वीच विकले. तिथे पोहण्याचा तलाव आहे.