दुसऱ्याच्या चुलीची भाकर

नागपूरच्या त्या सरकारी दवाखान्यामागं, कडुलिंबाखाली, आम्हा पेशंटच्या नातेवाइकांचा मुक्काम होता. सगळ्यांत मिळून शेगडी एकच, बारक्या सिलेंडरच्या डोक्यावर बसवलेली. ती जयवंताबाईची. बाई नरखेडकडची, मूलबाळ नाही, नवरा नत्थूजी आत वॉर्डात. पण हुकूम असे सोडायची, जणू आम्ही सगळ्या तिच्या सुना.

"आधी पेशंटची पेज, मंग आपला भात. अन् सिंधू, मीठ तू टाकू नको वं, तुले अंदाज नाही."

मी बुटीबोरीत कामगारांची मेस चालवते. अन् म्हणे मला मिठाचा अंदाज नाही! फार झोंबायचं. पण माझ्या आजारी पोराची पेज तीच आठवणीनं पातळ करायची, म्हणून मी गप्प बसायचे.

एका सकाळी पेजेला नुकती उकळी आली होती, तोच धम्मानंद वॉर्डातून धावत आला. त्याचे वडील नत्थूजींच्या शेजारच्याच खाटेवर. त्याचं तोंड बघूनच जयवंताबाईला कळलं. ती उठली, गॅस बंद केला आणि आत गेली. तेवढ्यातही गॅस बंद केला बाईनं.

गावाहून दीर आला. दुपारी नत्थूजींना इथल्याच घाटावर नेलं. संध्याकाळच्या एसटीनं दीर तिला गावी नेणार होता. दिवसभर तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे आपल्या चुलीवरची कडू भाकर आणतात, बळंच घास भरवतात. इथं शेजारी आम्हीच. पण चूल एकच, आणि तीच मयताघरची. अर्धकच्ची पेज सकाळपासून तशीच पडलेली, आतली माणसं चहा-बिस्किटावर. शेगडीला हात लावायची कुणाची हिंमत होईना.

"हॉटेलातून आणू का, ताई?" धम्मानंदनं हळूच विचारलं.

"कडू भाकर इकत आणतेत का गा?" मी खेकसले. बिचाऱ्याचा काय दोष? मला रडू येत होतं, ते रागावर निघालं.

जयवंताबाईनं ऐकलं. तिनं शेगडी उचलून माझ्यापुढं ठेवली.

"घे वं सिंधू. आजपासून तुही."

"मले काहून देऊन राहिली बाई?"

"माही नाही राहिली, म्हंजे पेटते ना आता. आतमंदी माणसं उपाशी हायेत. पेटव."

दोन काड्या विझल्या, तिसरी धरली. आधी नवी पेज केली, तिच्याच नियमानं. मग भाकर आणि पातळ बेसन. धम्मानंदनं ताट धरलं, मी घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं, मग खाल्ला. दुसराही खाल्ला.

उरलेलं बेसन मी बोटानं चाखलं. मीठ टाकायचंच राहिलं होतं.

जयवंताबाई मुकाट्यानं चावत होती.

"बोल ना वं बाई," मी रडत म्हणाले. "म्हण ना, तुले अंदाज नाही म्हून."

तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.