डावीकडची दोन बोटं

मोजणीदारांनी बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण एक वीतही इकडची तिकडे होऊ दिली नाही. थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्यांच्या लेकीच्या लग्नाला आला नाही, हेही त्यांनी मोजूनमापूनच ठरवलं होतं. लग्नाची फिल्म त्यांनी घरातल्या ह्याच टीव्हीवर चाळीस वेळा पाहिली होती. दादा एकदाही दिसला नव्हता. दादा म्हणायचा, "मी होतो." मोजणीदार म्हणायचे, "मग दाखवा." एवढ्या भांडवलावर अकरा वर्षं अबोला चालला.

आज दादा आपण होऊन आला होता. जन्मभर सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवलेला माणूस. बोलायचा तोही शेजारी खेळ चालू असल्यासारखा, हळू. कायमचा सोक्षमोक्ष लावायला मोजणीदारांनी लेकीचा जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा कधीच गेला होता.

टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

"साक्षीदार फितूर झाला वाटतं," बायको चहा ठेवत म्हणाली.

लेकीला फोन लागला. "बाबा, वायर दोन नंबरच्या खाचेत आहे आणि टीव्ही एक नंबरला वाट बघतोय. रिमोटवर सोर्स बदला."

बदलला. आता टीव्हीवर नुसतं निळं आकाश.

"खिडकीचं चिन्ह असलेलं बटण धरून पी दाबा. शेवटचा पर्याय, 'फक्त दुसरा पडदा'. लॅपटॉपला वाटतंय, त्याचा पडदा अजून चालू आहे."

"तो मेलाय हे त्याला कळत नाही?"

"कोणी सांगितलंच नाही त्याला, बाबा."

फिल्म सुरू झाली. लेक टेबलापाशी लग्नाच्या नोंदवहीत सही करत होती. मोजणीदार उभे राहिले आणि छडीने पडद्यावरची माणसं दाखवू लागले. "हे व्याही. हे माझे साहेब. हा चुलत मामा, ज्याला बोलावलंच नव्हतं. तुम्ही कुठे आहात?"

दादाने चहाचा घोट घेतला. "कडा कापल्यात."

"काय?"

"चित्र टीव्हीबाहेर सांडतंय. व्याह्यांचा एक कान गेलाय बघ. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं."

मोजणीदारांना हा अपमान वाटला. त्यांच्या घरात, त्यांच्या देखत, दोन बोटं? "असं कधी होत नाही!"

"होतं, बाबा," फोन म्हणाला. "टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतो. रिमोटवर पिक्चर साइजमध्ये जा, 'पूर्ण चित्र' करा."

मोजणीदारांनी बटण दाबलं. चित्र जरासं आकसलं. व्याह्यांना दुसरा कान आला.

आणि डाव्या कडेला एक माणूस आला.

अर्धाच. निळी बाही, खांदा, कानशील. दोन्ही हातांनी त्याने शूटिंगच्या दिव्याचा उंच दांडा धरला होता. लेक हसली, तेव्हा तो होता. जावई अडखळला, तेव्हा तो होता. खुद्द मोजणीदार रुमालाने डोळे पुसत होते, तेव्हा त्यांच्यापासून तीन हातांवर तो होता, आणि दिवा जरा खाली करत होता.

मोजणीदारांची छडी खाली पडली. तोंड उघडं ते उघडंच.

"दिवेवाला आलाच नव्हता," दादा म्हणाला. "म्हटलं, धरतो. मग सातचा खेळ होता, तसाच निघालो."

"पण मी... समोर होतो मी!"

"दिव्याकडे बघणाऱ्याला मागचा माणूस दिसत नाही रे."

"हॅलो? बाबा? काय दिसतंय?" फोन विचारत होता. बायकोने पदर तोंडाला लावला होता. अकरा वर्षं त्या दोन बोटांत अख्खा भाऊ मावला होता.

"तुम्ही..." मोजणीदारांनी सुरुवात केली, आणि स्वतःच शब्द बदलला. "दादा, तू सांगितलं का नाहीस, दिवा धरला म्हणून?"

"मी होतो म्हटलं की. त्याहून काय सांगायचं?" दादाचं लक्ष पडद्यावर होतं. "पोरीच्या चेहऱ्यावर उजेड मात्र छान पडलाय."

आता कोपऱ्यातली, फिल्म बंद करायची फुलीसुद्धा दिसू लागली होती. मोजणीदारांनी माउसचा बाण तिच्यापर्यंत नेला, आणि दाबायच्या ऐवजी फिल्म पहिल्यापासून लावली.

"चुकलो मी," ते म्हणाले आणि दादाच्या शेजारी बसले, अगदी खेटून. "सरक जरा. मला डावी बाजू नीट दिसली पाहिजे."