दोन हातांवरची चाचणी

डॉ. भार्गवींनी प्रतिमाच्या हातावर दोन ठिकाणी सुईने हलकेच टोचले: एकीकडे निव्वळ सलाइन, दुसरीकडे तिच्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, वीर्यातला पातळ केलेला द्राव. तुलनेसाठी तोच द्राव श्रीकांतच्याही हातावर. थोड्या वेळाने प्रतिमाच्या हातावर द्रावाच्या जागी लाल गांध उठली. सलाइनची जागा कोरी राहिली. श्रीकांतचा हातही.

"दुर्मीळ आहे, काल्पनिक नाही," डॉक्टर म्हणाल्या. वीर्यातल्या प्रथिनांची ॲलर्जी. निरोध वापरला तर त्रास टळेल. मूल हवे असल्यास शुक्रजंतू धुऊन गर्भाशयात सोडता येतील. आजार जाईलच असे नाही. सांभाळता मात्र येईल.

श्रीकांत सरकारी प्रयोगशाळेत विमानाच्या सुट्या भागांच्या चाचण्या घेई. एखादा भाग नापास झाला, की तो आधी स्वतःचे यंत्र तपासे. संबंधांनंतर आग होते, सूज येते, अंगावर पित्त उठते, हे प्रतिमा लग्नापासून सांगत होती. निरोध असला की काही होत नाही, हेही तिनेच हेरले होते. त्याने ते 'मनाचे खेळ' म्हणून निकालात काढले, आणि नातवंडाची वाट पाहणाऱ्या आईला साताऱ्याला कळवून टाकले: तिलाच मूल नको आहे.

रिक्षात प्रतिमा म्हणाली, "पटलं? की आणखी एक नमुना हवा?"

"प्रतिमा, माझं चुकलं."

"मला नका सांगू. आईंना सांगा. दिवाळीत सगळ्यांदेखत 'हिचं संसारात मनच नाही' म्हणाल्या, तेव्हा तुम्ही चकली मोडत बसला होतात. त्यांना कळल्याशिवाय मी साताऱ्यात पाऊल ठेवणार नाही."

"एसटीडी बूथवरून असलं कसं बोलायचं?"

"मराठीत. इथं बंगळुरात, त्यात बनशंकरीत, कोणाला कळतंय?"

बूथच्या केबिनचे दार लागत नव्हते. श्रीकांत नंबर जुळवत असतानाच मागे जमनाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, तीन पिढ्या बंगळुरात, तरी घरात मराठी.

"सावकाश होऊ द्या, अण्णा. मी स्वल्प थांबते."

श्रीकांतला फोन ठेवून देता आला असता. बाहेर प्रतिमा आपल्या हातावरची गांध पाहत उभी होती.

"काय रे, वळलं का तिचं मन?" आईने विचारले.

"आई, तिला नको आहे हे मी खोटं सांगितलं होतं. त्रास माझ्यामुळे होतो. तिला माझ्या वीर्याची ॲलर्जी आहे."

जमनाबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"खरखर येतेय रे," आई म्हणाली. "मोठ्यानं बोल."

श्रीकांतने मान वर केली आणि सगळे पहिल्यापासून, मोठ्याने सांगितले.