हरकत असल्यास बोला

नगराध्यक्ष हार्टमुट क्लागेस यांनी मुहूर्त असा काढला होता, की कुणाच्या तोंडून ब्र निघू नये.

जर्मनीत हार्झच्या डोंगरातलं फिन्स्टरबाख हे गाव दरवर्षी पेंटेकोस्टच्या सणाला सकाळी मुकं होतं. गावाबाहेरच्या झाडीत पांढऱ्या कापडानं झाकलेले पिंजरे मांडतात, आत फिंच पक्षी गातात, पंच ऐकतात आणि गाव मागे रांगेत मूग गिळून बसतं. आवाज झाला की पक्षी गप्प, स्पर्धा संपली. ऑर्टविन बेकरीवाल्याचे सासरे एकदा ऐन अंतिम फेरीत खोकले होते. त्यांच्या दफनालाही लोक जरा मोजकेच आले.

यंदा अंतिम फेरीत दोनच पक्षी उरले होते. एक रोझविटाचा, नेहमीचा. दुसरा, जन्मात पहिल्यांदाच, ऑर्टविनचा.

हार्टमुट चवड्यांवर चालत त्याच्या कानाशी आला. "ही झाडी काढतोय. हॉटेलवाल्यांना गाड्या लावायला जागा हवी. लोकांना विचारायचा नियम आहे, म्हणून विचारतोय. हरकत असेल तर बोल."

"आत्ता?" ऑर्टविन कुजबुजला.

"आत्ताच. सुनावणी चालू आहे."

"अरे हरामखोरा, माझा पक्षी गातोय!"

"कुजबुज धरत नाहीत. मोठ्यानं बोलायचं." हार्टमुट गोड हसला. "रांगेतल्या सगळ्यांना विचारलं. कुणाचीच हरकत नाही. गुणी गाव आहे."

कापडाखाली ऑर्टविनचा पक्षी असा गात होता, की पंचांनी माना डोलवायला सुरुवात केली होती. आणखी थोडा दम धरला की चषक घरात. आणि झाडी हॉटेलच्या घशात.

"हरकत आहे!" तो असा गरजला, की पलीकडच्या उतारावरच्या गाई उठून उभ्या राहिल्या.

दोन्ही पिंजरे गप्प झाले.

"गाढवा!" रोझविटा किंचाळली. "सासऱ्यावर गेलास! माझा पक्षी जिंकत होता!"

"जिंकत होता म्हणे! झाडं तोडतायत, बये! याला हरकत मोठ्यानं हवी होती!"

"मलाही विचारलं यानं. म्हटलं, चषक मिळाला की बघते याच्याकडे." ती सावकाश हार्टमुटकडे वळली. "आता कसला चषक! माझीही हरकत आहे, बोक्या! ऐकू आलं, की जवळ येऊन सांगू?"

मग रांगच्या रांग उठली. सकाळभर गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. त्यात झाडी होती, हॉटेल होतं आणि हार्टमुटची आईही होती.

"हळू, हळू," हार्टमुट मागे सरकत म्हणाला, "पक्षी घाबरतील."

"लिही!" ऑर्टविननं त्याची कॉलर धरली. "एकेकाचं नाव लिही. आम्ही ओरडून सांगतो."