चार बादल्यांची ओल

"टेप तेवढी दे. हात लावायचा नाही," चावीकाका वेलापाशी उकिडवे बसून म्हणाले.

"नाही लावत हो. मला काय हौस आलीय!" काकूंनी मागच्या दाराच्या पायरीवरूनच हात लांब करून शिवणाची टेप त्यांच्या ओंजळीत टाकली.

काकांनी टेप वाळूतून हळूच पलीकडे सरकवली, कलिंगडाला वेढा दिला आणि डोळे बारीक करून आकडा वाचला. "एकोणपन्नास इंच."

"अगं बाई! माझ्या एकाही गिऱ्हाइकाची कंबर एवढी नाही."

"समोरच्या वहिनींची असेल."

"हळू बोला, ऐकतील ना त्या!" काकू हसू दाबत म्हणाल्या. घरात गेल्यावर मात्र त्या शिवणयंत्रापाशी नुसत्याच बसून राहिल्या. लेक यायला तीन दिवस उरले होते.

परस तो केवढा, आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. त्यात एकच वेल आणि वेलावर एकच कलिंगड. बाकीची लिंबाएवढी असतानाच काकांनी खुडून टाकली होती, कारण वेलाचा सगळा जीव एकाच फळात उतरायला हवा. भाजू नये म्हणून उन्हात त्याच्यावर जुनी चादर, टेकायला खाली बारीक वाळू. असे लाड त्यांनी पोटच्या लेकीचेही केले नव्हते, आणि हे ती स्वतः हसत हसत सांगायची.

काका पाणीपुरवठ्यात होते. चाळीस वर्षं ते खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली फिरले आणि रस्त्यातली झाकणं उघडून पाणी सोडत आले. साडेपाचचं पाणी साडेपाचलाच यायचं. त्यांच्या पाण्यावर लोक घड्याळं लावायचे, आणि खांद्यावरच्या त्या चावीवरून त्यांना चावीकाका हे नाव पडलं.

अशा माणसाला गेल्या वर्षापासून विसरायला व्हायला लागलं. फार नाही, अधूनमधून. एकदा केस कापायला म्हणून गेले ते भलत्याच बसथांब्यावर तीन तास बसून राहिले. एकदा गॅस चालू राहिला. लेकीनं धसका घेतला आणि घर बंद करून दोघांनी आपल्याकडे राहायला यावं म्हणून हट्टच धरला. काकूंनी आपल्या परीनं किल्ला लढवला. गॅस मीच विसरले, भाजीत मीठ दुसऱ्यांदा मीच घातलं, त्यांना उशिरा यायला मीच सांगितलं होतं. जन्मभर सरळमार्गी राहिलेली ही बाई वर्षभरात इतक्या सफाईनं खोटं बोलायला शिकली की तिचं तिलाच नवल वाटे.

शेवटी काकांनीच तोड काढली. "हे बघ," ते लेकीला म्हणाले, "या मोसमात मी एकट्यानं कलिंगड वाढवतो. तुझी आई बोटही लावणार नाही. धड पिकवलं तर आम्ही इथंच राहणार, नाहीतर मुकाट्यानं तुझ्याकडे येतो." लेक कबूल झाली. पाणी घातलं की भिंतीवर खडूची रेघ ओढा, असं काकूंनी सुचवून पाहिलं होतं. काका उखडलेच. "सतरा गल्ल्यांच्या पाण्याच्या वेळा डोक्यात ठेवल्या मी. एका वेलासाठी भिंत रंगवू?"

शनिवारी सकाळी काकू गणवेशांचं गाठोडं घेऊन शाळेत गेल्या. परत यायला बारा वाजले. काका खुर्चीत झोपले होते, छातीवर वर्तमानपत्र उघडंच होतं. त्या मागच्या दाराशी गेल्या. दोन्ही बादल्या पालथ्या आणि कोरड्या ठणठणीत. वेलाची पानं माना टाकून पडलेली. मातीवरून काही कळायची सोयच नव्हती. काका मुळाशी पुरलेल्या पाइपच्या तुकड्यातून पाणी सोडायचे, त्यामुळे वरची माती नेहमीच सुकी. फळ पिकत आल्यापासून त्यांनी पाणी कमी करून रोज नऊ वाजता दोनच बादल्या ठेवल्या होत्या.

आजच विसरले, काकूंच्या मनात आलं. नेमकं आजच! उठवून विचारावं तर ते विचारणंच त्यांच्या जिव्हारी लागलं असतं. न विचारावं तर उद्या लेकीसमोर वाळलेला वेल. मग त्यांनी चपला काढल्या, आवाज न करता दोन बादल्या भरल्या आणि पाइपमधून सावकाश रिचवल्या. बादल्या फडक्यानं पुसून होत्या तशा पालथ्या घातल्या. संध्याकाळी पानं ताठ झालेली बघून त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं. भर दुपारी वेल माना टाकतोच आणि ऊन उतरलं की आपोआप सावरतो, हे काकांनी सांगितलं असतं. पण त्यांना विचारायचं कसं?

रविवारी दहाला लेक आली. काका इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. भंगारवाल्यानं वजनाला मोठा काटा द्यायचं कबूल केलं होतं. तिघं परसात गेले आणि काकांनी चादर उचलली.

कलिंगड देठापासून टोकापर्यंत उललं होतं. हात जाईल एवढी भेग, आतला लालभडक गर, वाळूत ओघळलेला रस आणि त्याला लागलेल्या मुंग्या.

काका खाली बसले, पाइपशेजारची माती उकरून त्यांनी मनगटापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"चार बादल्यांची ओल आहे," ते म्हणाले. "एकदम जास्त पाणी झालं की पिकलेलं फळ फुटतं." मग हात बाहेर काढत, "दोन मी नऊला घातल्या. तू गणवेश घेऊन गेलीस, त्यानंतर. लख्ख आठवतंय मला. पुढच्या दोन कधी घातल्या, ते आठवत नाही."

"अहो, त्या मी घातल्या!" काकू म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघून हसले. "असू दे."

"असू दे काय? खरंच मी घातल्या. तुम्ही झोपला होतात. बादल्या कोरड्या होत्या, पानं पडली होती. मला वाटलं..." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. तरी त्यांनी ते बोलून टाकलं. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"गॅस तूच चालू ठेवलास. मीठ तूच घातलंस. आता पाणीही तूच घातलंस." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मायाच होती, आणि काकूंना तीच सोसवेना. "पुरे आता. किती वाहशील माझं? दमलीस तू."

"तुझ्या गळ्याची शपथ गं!" काकू लेकीकडे वळल्या.

लेकीनं त्यांना खांद्याला धरून स्वयंपाकघरात आणलं. "आई, किती दिवस पांघरूण घालणार आहेस? त्यांना सगळं कळतं. तू खोटं बोललीस की त्यांना जास्त लागतं."

"मी खरं सांगतेय."

"बरं," लेक म्हणाली आणि तिनं आईला जवळ घेतलं. हट्टाला पेटलेल्या लहान मुलाला म्हणावं तसं ते 'बरं' होतं. काकूंनी हुंदका दाबायचा प्रयत्न केला, पण तो बाहेर आलाच. लेकीला वाटलं, आई खोटं पकडलं गेलं म्हणून रडतेय.

काका हात धुऊन दारात आले. "कधी निघायचं?"

"बाबा, घाई नाही हो."

"शब्द दिलाय मी. या महिन्याअखेर बघ."

मग त्यांनी सुरी मागून घेतली. फळ गोड निघालं, आतून कणीदार आणि काठापर्यंत लाल. गल्लीतल्या बारा घरी फोडी गेल्या. दुकान मांडून बसावं तसे काका पायरीवर बसले आणि एकेक ताटली भरून लेकीच्या हाती देत गेले. "ही कोपऱ्यावरच्या मास्तरांना, छोटी फोड, त्यांना साखर आहे. ही गवंड्याकडे, पाच माणसं आहेत. ही समोरच्या वहिनींना, आणि ताटली परत आण, मागच्या वेळची त्यांच्याकडेच राहिलीय." एकही घर चुकलं नाही, एकही माणूस चुकला नाही. काकू दाराला टेकून बघत होत्या. तू बघतेयस ना, असं लेकीला ओरडून सांगावंसं वाटत होतं त्यांना. पण त्यांचं ऐकणार कोण?

संध्याकाळी लेक गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू यंत्रावर बसून उसवलेली बाही शिवत होत्या. आत काकांचं जेवण उरकलं. ताट घासल्याचा, मग ते फळीवर ठेवल्याचा आवाज आला. काका बाहेर आले आणि यंत्रापाशी घुटमळत उभे राहिले. हात ओले होते, बोटांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. वर्षभरात, अगदी त्या थांब्यावरून घरी आणलं त्या दिवशीसुद्धा, त्यांनी असं कधी काही विचारलं नव्हतं.

"अगं," ते अजीजीनं म्हणाले, "मी जेवलो ना?"

काकूंनी यंत्र थांबवलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आत्ताच जेवलात."

काकांनी मान हलवली आणि टॉवेलला हात पुसले.